कपाटाची उजवी बाजू

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पार्सल काल मिळालं. फाटलं नाही, भिजलं नाही, पोस्टमनने चक्क घंटी वाजवून हातात दिलं. आमच्या गल्लीत एवढीसुद्धा बातमीच म्हणायची.

तुमच्या धाकट्या बहिणीची तब्येत सुधारतेय. टाके सुकत आलेत. रक्तदाब अजून अधूनमधून वर उडी मारतो, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाबरण्यासारखं काही नाही. फक्त उठबस नको, जिना नको आणि मनाला त्रास नको. पहिल्या दोन गोष्टी ही ऐकते. तिसरी माझ्याकडे लागली.

ढबी मजेत आहे. दूध पिते, झोपते, आणि या दोन्हींपैकी काहीच चालू नसलं की घर डोक्यावर घेते. चेहरा तुमच्यावर गेलाय असं ही म्हणते. मला विचाराल तर एवढ्याशा जिवाचा चेहरा कुणावरच जात नाही, पण बायकोच्या थोरल्या बहिणीशी वाद घालायची माझी छाती नाही. दोघींची खरी नावं अजून ठरलेली नाहीत. पोटात असताना हिने ठेवलेलीच चालू आहेत. जोरात लाथा मारायची ती ढबी आणि कोपऱ्यात गप्प पडून असायची ती चिमी. चिमीचं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. त्यात नवीन काही नाही.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हा पत्र काय लिहीत बसलाय. फोनवर बोलायला लागलो की ही शेजारून बोट करून सांगते, हे सांग, ते सांग, आणि शेवटी फोनच काढून घेते. इथे दुकानात दुपारी शांत असतं. लाँड्रीला जेवणाच्या वेळी कोण येतंय? इस्त्रीवाले काका तेवढे मागे आपली इस्त्री फिरवत असतात आणि त्यांना कुणाच्या पत्रात रस नाही.

तर आता मुख्य विषय, कपाट. मागची छोटी खोली तुम्ही पाहिली आहे, जिथे दुकानाचे जादा हँगर आणि साबणपावडरची पोती पडलेली असायची. ती रिकामी केली. दुकानातलं जुनं रॅक आणून त्याला मागून फळी ठोकली, पुढे दोन दारं बसवली, आतून पांढरा रंग दिला. मधे उभी फळी आहे. डावी बाजू ढबीची, उजवी चिमीची. हे बाळंतपणाच्या आधीच ठरलेलं. ही म्हणाली होती, "दोघींच्या कपड्यांचा एकत्र ढीग नको. जुळ्या झाल्या म्हणून काय झालं, प्रत्येकीचं काहीतरी स्वतःचं नको का?"

खाली लंगोट आणि दुपटी, मधे झबली, वर मोजे-टोपडी, आणि अगदी वरच्या फळीवर मोठी मापं, जी नंतर लागतील. पद्धत दुकानातलीच. आधी लागणारं पुढे, नंतरचं मागे, घडीची कड बाहेर, म्हणजे उपसाउपस नको. पण मांडणी माझी आहे असं समजू नका, मी नुसता हमाल. पलंग आम्ही अशा बेताने सरकवलाय की दारातून कपाट दिसतं. ही उशीला टेकून हुकूम सोडते आणि मी उचलठेव करतो. "ते नाही, त्याच्या खालचं. अरे, उलटी घडी घातलीस! गिऱ्हाइकाला असं देशील का?" गिऱ्हाइकं परवडली हो, ती निदान दुकान बंद झाल्यावर घरी जातात.

तुमचे दोन पिवळे स्वेटर, दोन टोपडी आणि मोजे, सगळं जोडीने आलं तसं जोडीने लावलं. एक डावीकडे, एक उजवीकडे. टोपडी मात्र तुम्ही कुणाच्या डोक्याच्या मापाने विणलीत कळत नाही, ढबीचं टोपडं माझ्या गुडघ्याला बसतं.

उजव्या बाजूची थोडी पंचाईत आहे. ही म्हणते, चिमी ढबीच्या निम्मी, तिला हे सगळं ढगळ होणार. म्हणून सगळ्यात लहान मापाची झबली आणायला मला बाजारात पाठवलं. आणली. दुकानातल्या मुलीने विचारलं, बाळाचं वजन किती? मी काहीतरी सांगितलं. ताई, ती झबली एवढी लहान असतात की तळहातावर ठेवली तर बोटं बाहेर राहतात. ती पुढे लावली, आधीची मागे सरकवली. ही खूश झाली. म्हणाली, "आता कसं! घरी आली की शोधाशोध नको."

तुम्ही सुट्टी टाकून येते म्हणालात. सध्या नको. हिला विश्रांती हवी आणि तुम्ही दोघी बहिणी एकत्र आलात की विश्रांती कुठली. चिमीला भेटायचं म्हणाल, तर तिथे फक्त बापाला आत सोडतात. आणि इतक्यात नवीन काही विणायची घाई करू नका. आहे ते पुष्कळ आहे.

तुमच्या वसतिगृहातल्या मुली कशा आहेत? त्यांना ओरडताना घसा सांभाळा.

तुमचा मेहुणा, सध्या कपाटावरचा हमाल


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत ते फार बरं केलंत. तुम्हाला काहीतरी वास आला असणार, नाहीतर तुम्ही असं केलं नसतं.

तुम्ही विचारलंय, चिमी कोणत्या मजल्यावर आहे, पेटी कितवी आहे. तुमच्या ओळखीची एक नर्स त्याच दवाखान्यात असते, तिला लक्ष ठेवायला सांगते म्हणालात. ताई, तिला सांगू नका. तिला तिथे कुणी सापडणार नाही. चिमी त्या दवाखान्यात कधी गेलीच नाही.

एवढं लिहून मी उठलो. दोन गिऱ्हाइकांचे कोट घेतले, एका बाईची हरवलेली ओढणी शोधून दिली, काकांबरोबर चहा घेतला. आता पुढचं लिहितो. चिमी गेली. जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

हिचं रक्त फार गेलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. ही खालच्या मजल्यावर गुंगीत, मुली वरच्या मजल्यावर, आणि मी जिन्यात. ढबीला काही तासांत हिच्याजवळ आणून ठेवलं. चिमीला श्वास पुरत नव्हता. तिला मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, गाडी सांगितली. गाडी यायच्या आत संपलं. डॉक्टरीणबाईंनी काही बोलायच्या आधी माझ्यापुढे खुर्ची सरकवली, तेव्हाच मला कळलं.

संध्याकाळी हिने डोळे उघडले आणि पहिला शब्द विचारला, "दोघी?"

मी म्हणालो, "ढबी ही बघ. आणि चिमीला मोठ्या दवाखान्यात नेलंय."

ताई, मी ठरवून खोटं बोललो नाही. सकाळपर्यंत तेच तर होणार होतं. जे होणार होतं ते झालं म्हणून सांगितलं, एवढंच. तिचा चेहरा पांढराफटक, हाताला नळ्या, आणि मशीन सारखं टिकटिकतंय. म्हटलं, आजची रात्र जाऊ दे, उद्या सांगू. उद्या रक्तदाब चढला. परवा ताप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी जायच्या आधी तिला सांगायलाच हवं, तुम्हाला जड जात असेल तर मी शेजारी बसते. मी त्यांना म्हणालो, मी सांगितलंय. तिला त्याबद्दल बोलायचं नाहीये, कृपा करून तुम्ही विषय काढू नका. म्हणजे आतूनही कडी घातली आणि बाहेरूनही.

काका आले होते. चिमीला नेलं ते त्यांनीच. मी बरोबर होतो म्हणायचं.

तुम्हाला वाटेल एवढंच. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. पण ही चिमीसाठी रोज दूध काढते. कुणीतरी तिला सांगितलंय की पेटीतल्या बाळांना आईचं दूध म्हणजे औषध. पाठीला उशी लावून, दात आवळून, तो हातपंप धरून ती बसते. ढबीला पाजून उरलेलं नाही, आधी चिमीचं, मग ढबीचं. बाटली रुमालात गुंडाळून माझ्या हातात देते आणि म्हणते, "सांडू नकोस." मी नाही सांडत. दुकानात येतो, मागचं दार लावतो आणि मोरीत ओततो. मग नळ सोडतो. पहिल्या दिवशी काकांनी पाहिलं. त्यांनी इस्त्री बंद केली, बाहेर जाऊन उभे राहिले, आणि आत आल्यावर एवढंच म्हणाले, "सांगून टाक रे तिला." नंतर बाटली पाहिली की ते स्वतःच बाहेर जातात.

आणि रोज संध्याकाळी ती विचारते, "वजन वाढलं का?"

काय सांगू? नाही म्हटलं की तिला जेवण जात नाही. म्हणून मी वजन वाढवतो. थोडं थोडं. फार वाढवलं तर म्हणेल घरी आण, म्हणून हात राखून. परवा ती म्हणाली, आता अगदी लहान झबली तिला घट्ट होत असतील, ती मागे टाक आणि पुढच्या मापाची पुढे घे. मी कपाटापुढे बसलो आणि लहान झबली मागे टाकली, मोठी पुढे घेतली. ताई, माझी मेलेली मुलगी या कपाटात वाढतेय. मीच वाढवतोय तिला.

आता सांगायचं तर नुसतं चिमी गेली एवढं सांगून भागत नाही. दुधाचं सांगावं लागेल. वजनाचं सांगावं लागेल. बाजारातून आणलेल्या प्रत्येक झबल्याचं सांगावं लागेल. जितका उशीर तितकं सांगायचं वाढत चाललंय आणि जितकं वाढतंय तितका मी मागे सरतोय. मी भित्रा आहे हे तुम्ही लग्नाच्या वेळीच ओळखलं होतं. तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होतात की भित्रा बरा, मारकुटा नको. आता काय म्हणाल?

तुम्ही या आणि तुम्हीच सांगा, असं लिहायला बसलो होतो. पण तुम्ही सांगितलंत तर ती पहिलं हे विचारेल की ताई, तुला कधीपासून माहीत होतं. मग तुम्हीही माझ्याच रांगेत उभ्या राहाल आणि तिला माहेरचंही माणूस उरणार नाही. म्हणून येऊ नका म्हणतो. आणि या असंही म्हणतो. काय ते तुम्ही ठरवा, माझं ठरवणं किती खरं असतं ते तुम्ही बघताच आहात.

तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटणारा,
तुमचा मेहुणा


शनिवार, १ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र मी आपल्या मनाने लिहीत नाहीये. हिने लिहायला सांगितलंय. म्हणाली, "ताईला सगळं लिही. काही गाळू नकोस. मी वाचणार नाही." म्हणून न गाळता लिहितो.

तिला कळलं. मी सांगितलं नाही, तिला कळलं.

आठवड्याभरात तू सांग, नाहीतर मी गाडीत बसते, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी रविवार धरला होता. रविवारी दुकान बंद, काकांना घरी बोलवायचं, ते शेजारच्या खोलीत बसतील आणि मी सांगेन, असं सगळं जुळवलं होतं. पण त्याआधीच ती म्हणाली, "चिमीच्या अंगावरचं एक झबलं आण. न धुता. तसंच."

मी विचारलं, कशाला?

"वास घ्यायचाय. दूध कमी यायला लागलंय. तिचा वास आला तर येईल."

मी म्हणालो, दवाखान्यात कपडे तेच धुतात, देत नाहीत. ती म्हणाली, "तू लाँड्रीवाला आहेस. तुला एक मळका कपडा मागून आणता येत नाही?"

मग मी दुकानात बसून ते केलं, ताई. बाजारातून आणलेलं सगळ्यात लहान झबलं घेतलं. ते नवं कोरं दिसू नये म्हणून धुतलं, चुरगळलं, परत धुतलं. आयुष्यभर लोकांचे डाग काढत आलो आणि त्या दिवशी डाग पाडायला बसलो. त्या दिवशीच्या बाटलीतलं दूध गळ्यापाशी ओतलं. घरी जायची वेळ झाली, ते ओलंच, म्हणून वरून इस्त्री धरून सुकवलं. काका जेवायला गेले होते. ते असते तर त्यांनी माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली असती.

ढबीचं एखादं मळकं झबलं नेऊन दिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. मनात आलं होतं. पण एकीचा वास दुसरीचा म्हणून तिच्या हातात द्यायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. बाकीचं सगळं झालं, हे नाही झालं. का ते मला विचारू नका.

आता तुम्हाला हिचं दुकानातलं काम माहीत आहे. डाग बघायला तीच बसते. गिऱ्हाईक म्हणतं चहा सांडला, ही उजेडात कापड धरते आणि म्हणते, चहा नाही, औषध आहे, खरं सांगा म्हणजे निघेल. कुणाचं रक्त, कुणाची शाई, कुणाची दारू, ती तोंडावर सांगते आणि लोक मान खाली घालतात. एवढी वर्षं तिच्या शेजारी उभं राहूनही हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि पकडलं जायचंच असेल. मला आता माझं काहीच खात्रीने सांगता येत नाही.

तिने झबलं नाकाशी धरलं. बराच वेळ. मग खिडकीकडे वळून गळ्याचा भाग बोटांनी चोळला.

"हे ओतलंय," ती म्हणाली.

मी दाराची चौकट धरली.

"बाळ ओकतं ते दूध फाटलेलं असतं. गुठळ्या असतात, आंबट वास येतो. हे सरळ बाटलीतून पडलंय. आणि वर इस्त्री फिरवली आहेस." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलते तसं म्हणाली, "खरं सांग."

मी सांगितलं. उभ्या उभ्या, दाराला धरून. ढबी तिच्या मांडीवर झोपली होती म्हणून ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ढबीला उशीजवळ ठेवलं, पलंगावरून पाय खाली सोडले आणि उठली. मी आधार द्यायला पुढे झालो तर म्हणाली, "हात लावू नकोस." भिंतीला धरत धरत मागच्या खोलीत गेली आणि कपाटाची उजवी बाजू उघडून खाली बसली.

एकेक कपडा काढून मला दाखवायची आणि विचारायची, "हा कधीचा?"

मी सांगायचो, आधीचा. तो ती उजवीकडे ठेवायची. पुढचा. "हा?" नंतरचा. तो डावीकडे. तुम्ही विणलेला पिवळा स्वेटर हातात आला तेव्हा मी म्हणालो, पार्सल नंतर आलं. ती म्हणाली, "ताईला माहीत होतं?" मी म्हणालो, तेव्हा नव्हतं. तो उजवीकडे गेला. लंगोट, दुपटी, मोजे, एक ना एक. वरच्या फळीवरची मोठी मापं मला काढायला लावली. मधे ढबी रडली, तिला आणून दिलं, बसल्या बसल्या पाजलं आणि पाजता पाजता विचारत राहिली. शेवटी दोन ढीग झाले. एक चिमी होती तेव्हाचा. एक ती नव्हती तेव्हाचा. दुसरा तिने पायाने माझ्याकडे ढकलला.

"ही तिची नाहीत. ही तुझी आहेत. इथून ने."

पहिला ढीग तिने परत कपाटात लावला. घडीची कड बाहेर, आधीचं पुढे, नंतरचं मागे.

मग दुधाचं विचारलं. कुठे ओतलंस? मी सांगितलं, मोरीत. रोज? रोज. ती म्हणाली, "दवाखान्यात किती पोरं असतील. कुणाला तरी द्यायचं सुचलं नाही तुला?" नाही सुचलं, ताई. खरंच नाही सुचलं. त्या पंपाने तिला जखमा झाल्या होत्या हे मला माहीत होतं, तरी नाही सुचलं.

या सगळ्यात ती रडली नाही. मीच रडत होतो आणि तिने मला गप्पही केलं नाही.

रात्री जेवणं झाली नाहीत. तिने हाक मारली. मला वाटलं आता काहीतरी ठरवून सांगणार. तिने विचारलं, "कशी होती?"

मी म्हणालो, कोण?

"तू पाहिलंस तिला. मी गुंगीत होते. कशी होती ते सांग. ढबीसारखी होती का?"

ताई, हे मी तुम्हालाही लिहिलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. जन्मली तेव्हा तिला घेऊन पळाले, ओझरता एक हिरवा कपडा दिसला. मग काचेपलीकडे, नळ्या आणि पट्ट्यांत, तिचं तोंड पलीकडे होतं. आणि गेल्यावर नर्सने दुपट्यात गुंडाळून आणली, दुपट्याचं टोक धरून विचारलं, बघायचंय का? मी म्हणालो, नको. बघितलं तर ते खाली जाऊन हिच्यासमोर माझ्या तोंडावर दिसेल असं वाटलं. हे कारण मी नंतर शोधलं. तेव्हा नुसता घाबरलो. नर्स थांबली, परत विचारलं, मी मान फिरवली. मग काका पुढे झाले आणि त्यांनी हात पसरले.

हे हिला सांगितलं. म्हणजे सांगावंच लागलं, आता रचायला काही शिल्लक नव्हतं आणि रचलं असतं तर तिने तेही उजेडात धरलं असतं. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. दुधाच्या वेळीही तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "मी असते तर पाहिलं असतं. मला एकदा उठवलं असतंस तरी मी पाहिलं असतं."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. पाणी दे, ढबीला घे, खिडकी लाव.

आज सकाळी तिने काकांना निरोप पाठवायला लावला. काका आले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले. एवढी वर्षं त्यांना घामाच्या बनियनमध्येच पाहत आलोय. ते पलंगाजवळच्या स्टुलावर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. ही म्हणाली, "काका, तुम्ही उचललं होतं ना तिला? सगळं सांगा. जे आठवतं ते."

काका म्हणाले, "सांगतो, पोरी. आठवतं मला."

मी ढबीला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभा होतो. म्हटलं, मीही ऐकतो. खरं सांगायचं तर त्यासाठीच थांबलो होतो. काकांनी तोंड उघडलं आणि हिने माझ्याकडे बघितलं.

"काका, दार लावून घ्या," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं, उठले, आणि दार लावलं.

बाहेर त्यांचा नुसता आवाज येत होता, शब्द नाही. ते हळू बोलतात हे तुम्हाला माहीत आहे. मधे थांबायचे, हिचं काहीतरी बारीक विचारणं, मग परत काका. एकदा ही हसल्यासारखं वाटलं. रडली असेल. काका बाहेर आले, चपला घातल्या. मी जिन्यापर्यंत गेलो आणि विचारलं, काय सांगितलंत? ते म्हणाले, "तिला विचार." त्यांना माहीत आहे की मी विचारू शकत नाही.

तर ताई, आता तुम्ही या. तिने बोलावलंय. तुमच्याबरोबर जायचं की इथे राहायचं ते तुम्ही आल्यावर ठरवणार आहे असं म्हणाली. गेली तर ढबीला घेऊन जाईल. मी अडवणार नाही. अडवायला तोंड कुठलं आहे? गाडी कळवा, स्टेशनवर येईन. तुम्ही बोलला नाहीत तरी सामान उचलीन.

एक मागायचंय. तुम्ही दोघी बसाल तेव्हा ती तुम्हाला सांगेल, चिमी कशी होती ते. तिने सांगितलं, आणि तिची हरकत नसली, तर त्यातलं थोडं मला सांगा. सगळं नको. केस होते का, एवढं तरी.

चिमीचा बाबा